पायथॉन सोडून दुसऱ्या भाषेत मशीन लर्निंग : पुस्तकं कोणती, कुठून आणि कशी पारखून घ्यावीत – ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

ज्युलिया या प्रोग्रामिंग भाषेतून मशीन लर्निंग (डेटावरून संगणकाला अंदाज करायला शिकवणं) शिकायचं आहे. एकच चांगलं पुस्तक सांगा.

एकच मागितलंत की फसायला होतं. 'अमुक भाषेतून मशीन लर्निंग' अशा नावाचं पुस्तक तीन कामं एकदम करायला जातं. भाषा शिकवतं, गणित शिकवतं आणि एखाद्या लायब्ररीचा (तयार कोडच्या पॅकेजचा) वापरही शिकवतं. भाषा हळू बदलते आणि गणित बदलतच नाही. लायब्ररी मात्र दर वर्ष-दीड वर्षाने कूस बदलते. मग सगळ्यात लवकर शिळा होणारा भाग पूर्ण पुस्तकाला शिळं करतो. त्यापेक्षा विषयाचं एक पुस्तक घ्या, भाषेचं एक घ्या आणि लायब्ररीसाठी तिचं चालू डॉक्युमेंटेशनच वाचा. त्यासाठी छापील पुस्तकावर पैसे घालू नका.

ज्युलियासाठी असा संच जुळतो. प्रोग्रामिंग नवीन असेल तर लॉवेन्स आणि डाउनी यांचं 'थिंक ज्युलिया' हे २०१९ चं पुस्तक, ते नेटवर मोफत वाचता येतं. विषयाची पायाभरणी बॉइड आणि वँडेनबर्ग यांच्या 'इंट्रोडक्शन टू अप्लाइड लिनिअर अल्जिब्रा' मधून करावी. केंब्रिजने ते २०१८ साली काढलं, लेखकांनी पीडीएफ मोफत ठेवली आहे आणि त्याची ज्युलिया सोबत-पुस्तिकाही आहे. नाव लिनिअर अल्जिब्राचं असलं तरी चौथं प्रकरण क्लस्टरिंगचं (डेटाचे गट पाडण्याचं) आहे आणि तेरावं-चौदावं डेटा फिटिंग व क्लासिफिकेशनचं (वर्ग ओळखण्याचं). पुढे कोशेंडर्फर आणि व्हीलर यांचं 'अल्गोरिदम्स फॉर ऑप्टिमायझेशन' हे एमआयटी प्रेसचं २०१९ चं पुस्तक घ्या. त्यातला प्रत्येक अल्गोरिदम ज्युलियात छापलेला आहे, आणि बहुतेक कोड बाहेरच्या पॅकेजांवर टेकलेला नसल्यामुळे तो अजून चालतो. संख्याशास्त्र कच्चं असेल तर नाझाराथी व क्लोक यांचं 'स्टॅटिस्टिक्स विथ ज्युलिया', स्प्रिंगर, २०२१.

मग सरळ पायथॉनच का नाही?

तीन महिन्यांत ऐरोली-महापेच्या कंपन्यांत मुलाखती द्यायच्या असतील तर सरळ पायथॉनच. त्यात वाद नाही. दुसऱ्या भाषेला खरं कारण हवं. कामावर एलिक्सिर किंवा रस्ट आधीपासून आहे, संशोधनात ज्युलिया किंवा आर चालते, किंवा आतलं यंत्र कसं फिरतं ते स्वतः लिहून बघायचं आहे. हे शेवटचं कारण आम्हाला सगळ्यात पटतं, कारण तयार फंक्शन हाताशी नसलं की माणूस ग्रेडियंट (मॉडेल सुधारण्याची दिशा सांगणारा उतार) कागदावर काढतो.

ज्युलिया सोडून बाकीच्या भाषांसाठी काय आहे?

आर : जेम्स, विटन, हेस्टी आणि टिबशिरानी यांचं 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू स्टॅटिस्टिकल लर्निंग' घ्या, पण २०२१ ची दुसरी आवृत्तीच. पीडीएफ लेखकांनीच मोफत दिली आहे. रद्दीवाल्याकडे २०१३ ची पहिली आवृत्ती दिसते आणि मोह होतो. त्यातलं गणित ठीक आहे, पण प्रयोगांचे आकडे जुळणार नाहीत. पाचव्या प्रकरणातल्या गाड्यांच्या उदाहरणात पहिल्या आवृत्तीत मॉडेलच्या अंदाजातली चूक २६.१४ छापली आहे. आजच्या आरमध्ये सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा क्रमांक) १ ठेवून तोच कोड चालवला की २३.२७ येते. तुमचं काही चुकलेलं नसतं. आर ३.६.० मध्ये, २०१९ साली, सॅम्पल फंक्शनची निवड करण्याची पद्धत बदलली. जुना आकडा हवाच असेल तर आरएनजीकाइंड या फंक्शनमध्ये सॅम्पलचा प्रकार 'राउंडिंग' करा. आठव्या प्रकरणातला डिसिजन ट्री तर चालतच नाही. आर ४.० पासून डेटाफ्रेममधला (आरच्या तक्त्यातला) मजकूर आपोआप फॅक्टर (ठरावीक वर्गांचा कॉलम) होत नाही, म्हणून 'हाय' हा कॉलम हाताने फॅक्टर करून द्यावा लागतो.

एलिक्सिर : शॉन मोरियारिटी यांचं 'मशीन लर्निंग इन एलिक्सिर', प्रॅगमॅटिक बुकशेल्फ, २०२४. एनएक्स, अ‍ॅक्सॉन, बंबलबी या एलिक्सिरच्या लायब्ररी सगळ्या त्यात येतात, आणि लेखक स्वतः एनएक्सच्या कर्त्यांपैकी एक. विंडोजवाल्यांनी एवढंच बघावं : ईएक्सएलए (एनएक्सचं गणित वेगाने करणारं पॅकेज) थेट विंडोजवर बसत नाही, आधी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) घालून त्यात चालवावं लागतं. इथे बरेचजण पहिल्याच संध्याकाळी अडकतात आणि दोष पुस्तकाला देतात.

स्कीम आणि रॅकेट : फ्रीडमन व मेंढेकर यांचं 'द लिटल लर्नर', एमआयटी प्रेस, २०२३. प्रश्नोत्तरांच्या ढंगात शून्यापासून डीप लर्निंगपर्यंत नेतं. ज्यांना कंसांची भीती नाही त्यांच्यासाठी आमच्या मते या यादीतलं सगळ्यात आनंदाचं पुस्तक.

रस्ट : लिन्फा, कँडल, बर्न ही पॅकेजं अजून शून्य-पॉइंट-काहीतरी आवृत्तीत फिरतात, म्हणून छापील पुस्तकावर फार विसंबू नका. कार्गो या रस्टच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाच्या हिशोबात शून्याने सुरू होणाऱ्या आवृत्तीचा दुसरा आकडा बदलला की जुना कोड मोडू शकतो. पुस्तकात ०.४ असेल तर फाइलमध्येही ०.४ च लिहा. 'नवीन घेतलं तर बरं' म्हणून आकडा वाढवलात की दुसऱ्याच प्रकरणात एररची रांग लागते.

क्लोजर : पॅक्टचं २०१४ चं पुस्तक इनकँटरसारख्या त्या काळच्या लायब्ररींवर बेतलेलं आहे. आज त्या भाषेतली मंडळी दुसरीच लायब्ररी वापरतात. ग्रंथालयातून मिळालं तर चाळा, विकत घेऊ नका.

लुआ आणि ऑक्टेव्ह : दोन्हींचा एक काळ होता. लुआतल्या टॉर्च या लायब्ररीची जागा पायथॉनच्या पायटॉर्चने घेतली, आणि अँड्र्यू एनजी यांचा २०११ चा गाजलेला कोर्स ऑक्टेव्हमध्ये होता. त्या काळातली पुस्तकं फुटपाथवर स्वस्त दिसली तरी हात आवरा.

पुस्तक शिळं झालंय हे दुकानात उभ्या उभ्या कसं ओळखायचं?

आधी नावाच्या पानामागचं पान उघडा. तिथे दोन वर्षं असतात, मूळ आवृत्तीचं आणि पुनर्मुद्रणाचं. भारतीय प्रतींवर पुनर्मुद्रणाचं वर्ष ठळक असतं. '२०२३' वाचून पुस्तक ताजं वाटतं आणि मजकूर २०१७ चा निघतो. मूळ आवृत्तीचं वर्षच धरा.

मग भाषेच्या आवृत्तीशी ताळा घाला. ज्युलियाची १.० आवृत्ती ऑगस्ट २०१८ मध्ये आली आणि तिने जुनं बरंच काही मोडलं. पुस्तक चाळताना 'लिनस्पेस' दिसलं, 'एसरँड' दिसलं, किंवा नवा प्रकार बनवायला नुसता 'टाइप' हा शब्द वापरलेला दिसला, तर ते १.० च्या आधीचं. परत ठेवा. आज त्यांच्या जागी 'रेंज', 'रँडम डॉट सीड' आणि 'म्यूटेबल स्ट्रक्ट' असतं. आणखी एक सोपी खूण : 'मीन' फंक्शन वापरण्याआधी 'स्टॅटिस्टिक्स' पॅकेज मागवलेलं नसेल तर कोड जुना आहे.

पुस्तक फ्लक्सबद्दल (ज्युलियाची डीप लर्निंग लायब्ररी) असेल तर ट्रेनिंगचं पान काढा. 'पॅराम्स' गोळा करून ते ट्रेन फंक्शनला देणारी पद्धत जुनी. आता आधी 'फ्लक्स डॉट सेटअप' करतात आणि मॉडेल सरळ आत देतात.

जुनं पुस्तक आधीच घरात आहे. टाकून देऊ का?

नाही. त्या काळातलं वातावरण मशीनवर उभं करता येतं. ज्युलियाअप (ज्युलियाच्या आवृत्त्या बसवणारं साधन) टाका, त्यातून पुस्तकाच्या काळाची आवृत्ती मागवा, उदाहरणार्थ १.६, आणि पुस्तकासाठी वेगळं फोल्डर करा. लेखकाच्या कोड-भांडारात 'प्रोजेक्ट' आणि 'मॅनिफेस्ट' अशा दोन टॉमल फाइली आहेत का ते बघा. मॅनिफेस्टमध्ये प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती लिहिलेली असते. दोन्ही फाइली फोल्डरमध्ये ठेवून 'इन्स्टँशिएट' केलं की लेखकाच्या मशीनवर होतं तेच तुमच्याकडे उतरतं. नुसती प्रोजेक्ट फाइल असेल तर अर्धं काम होतं, कारण ती पॅकेजांची नावं सांगते पण नेमकी आवृत्ती बांधून ठेवत नाही. १.० च्या आधीच्या पुस्तकांसाठी मात्र हा खटाटोप करू नका. तिथे गणित वाचा आणि कोड स्वतः लिहा.

पायथॉनचं चांगलं पुस्तक घेऊन त्यातला कोड ज्युलियात लिहिला तर? उत्तरं जुळत नाहीत म्हणून थांबलोय.

शिकण्याची ही सर्वांत उत्तम पद्धत. न जुळण्याची कारणं ठरलेली असतात, ती माहीत असली की झालं.

सगळ्यात जास्त छळतं प्रमाण विचलन. २, ४, ६, ८ हे चार आकडे घ्या. मध्य ५, विचलनांच्या वर्गांची बेरीज २०. पायथॉनची नमपाय लायब्ररी तिला ४ ने भागते, म्हणून उत्तर २.२३६. ज्युलिया आणि आर ३ ने भागतात, म्हणून २.५८२. पांडाज पायथॉनचीच असूनही ३ ने भागते, म्हणजे एकाच पुस्तकात दोन उत्तरं निघू शकतात. डेटा मोठा असला की फरक दिसेनासा होतो, पण पुस्तकातली उदाहरणं पाच-दहा ओळींची असतात आणि तिथेच तो डोळ्यात येतो.

दुसरं कारण घातक, कारण एररही येत नाही. पायथॉनमध्ये मॅट्रिक्सवर एक्स्प फंक्शन चालवलं की प्रत्येक घराचा वेगळा एक्स्प निघतो. ज्युलियात चौकोनी मॅट्रिक्सला नुसतं एक्स्प लावलं तर ते मॅट्रिक्स एक्स्पोनेन्शियल काढतं, ते निराळंच गणित आहे. घरागणिक हवं असेल तर फंक्शनच्या नावानंतर टिंब द्यावं लागतं. सिग्मॉइड (कुठलाही आकडा ० ते १ मध्ये आणणारं फंक्शन) लिहिताना एक्स्पचं टिंब विसरलात आणि बॅच (एका वेळी दिलेले नमुने) ३२ ची, फीचर्सही ३२, तर मॉडेल मुकाट चालतं आणि काही शिकत नाही. बॅच ३१ ची केली की लगेच एरर येते. शंका आली की हीच युक्ती करून बघा, मॅट्रिक्स मुद्दाम बिनचौकोनी ठेवा.

तिसरं, डेटाची मांडणी. पायथॉनच्या पुस्तकांत एक ओळ म्हणजे एक नमुना. फ्लक्समध्ये एक कॉलम म्हणजे एक नमुना. पायटॉर्चमध्ये चित्रांच्या बॅचची मापं नमुना, चॅनल, उंची, रुंदी या क्रमाने येतात. फ्लक्समध्ये रुंदी, उंची, चॅनल आणि शेवटी नमुना. ज्युलिया मेमरीत कॉलमनुसार साठवते, त्यामुळे आतला लूप एकाच ओळीत कॉलममागून कॉलम असा फिरवलात तर कोड तोच राहून वेळ जास्त लागतो. गणती ० ऐवजी १ पासून सुरू होते हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी सगळेच एकदा चुकतात.

चौथं, मुळातली सेटिंग्ज. पायथॉनच्या सायकिट-लर्नचं लॉजिस्टिक रिग्रेशन न सांगताच एल-टू रेग्युलरायझेशन (गुणांक फार मोठे होऊ न देणारी पेनल्टी) लावतं, आरचं जीएलएम लावत नाही. गुणांक वेगळे येणारच. दोन्हीकडे पेनल्टी बंद करून ताळा करा.

आणि सीड. सीड ४२ दोन भाषांत सारखे आकडे देत नाही. ज्युलियात १.७ आवृत्तीपासून मूळ यादृच्छिक जनरेटरच बदलला, म्हणून ज्युलियाच्या ज्युलियातही जुना आकडा मिळत नाही. यादृच्छिक विभागणी पायथॉनमध्ये एकदा करून सीएसव्हीत साठवा आणि तीच फाइल दोन्हीकडे वाचा.

एमएलजे लावल्या लावल्या 'मॉडेल सापडत नाही' म्हणतं. पुस्तक चुकीचं आहे का?

बहुधा नाही. एमएलजे ही ज्युलियातली मशीन लर्निंगची नुसती चौकट आहे, मॉडेलं वेगळ्या पॅकेजांत राहतात. डिसिजन ट्री हवा असेल तर त्याचं इंटरफेस पॅकेज स्वतंत्र घालावं लागतं. पुढची ठेच म्हणजे प्रकार. ०-१ असा आकड्यांचा टार्गेट (उत्तराचा) कॉलम दिलात तर एमएलजे त्याला मोजणीचे आकडे समजतं आणि क्लासिफायर कुरकुरतो. 'कोअर्स' वापरून तो मल्टिक्लास (वर्गांचा प्रकार) करा.

दुकानाच्या साइटवर शोधलं की भलतंच येतं.

येणारच. 'ज्युलिया' म्हटलं की स्वयंपाकाची पुस्तकं आणि कादंबऱ्या, 'एलिक्सिर' म्हटलं की काढे आणि अत्तरं, आणि 'आर' हे एक अक्षर टाकून काही शोधायला जाऊच नका. भाषेऐवजी लायब्ररीचं नाव टाका किंवा सरळ आयएसबीएन टाका. प्रकाशकाच्या पानावरून तो १३ आकडी क्रमांक उचला. छापील, ई-बुक आणि भारतीय पुनर्मुद्रण यांचे आयएसबीएन वेगवेगळे असतात, म्हणून एकावर सापडलं नाही तर दुसरा टाका. तिथेच अनुक्रमणिका, नमुना प्रकरण आणि चुकांची यादीही मिळते. एखाद्या जुन्या पुस्तकाच्या चुकांच्या यादीत बराच काळ भर पडलेली नसेल, तर लेखकाने त्याच्याकडे बघणं सोडलं असं समजा.

भारतीय आवृत्ती घ्यावी की परदेशी?

भारतीय, पण 'ग्रेस्केल' हा शब्द बघून. ओरायलीच्या पुस्तकांची भारतीय पुनर्मुद्रणं वर्षानुवर्षं आपल्या नवी मुंबईतूनच, श्रॉफ पब्लिशर्सकडून निघत आली आहेत. मजकूर तोच असतो, किंमत बरीच कमी. रंगीत आलेख मात्र काळे-करडे होतात. कोड वाचायला फरक पडत नाही. पण 'निळे ठिपके एक वर्ग, नारिंगी दुसरा' असं वाक्य आलं की दोन्ही करडे ठिपके बघत बसावं लागतं. क्लस्टरिंगची आणि चित्रांची पुस्तकं असतील तर पीडीएफ बरी. आयएसबीएन ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू झाला की प्रत भारतीय प्रकाशकाची आहे हे ओळखा.

परदेशातून थेट मागवायचं झालं तर २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात छापील पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लावलं गेलं, आणि टपालखर्च वेगळा. त्याआधी भारतीय प्रत आहे का ते बघा.

ठाण्यात किंवा नवी मुंबईत प्रत्यक्ष कुठे बघू?

ज्युलियाचं पुस्तक दुकानाच्या मांडणीवर दिसेल अशी आशा धरून गोखले रोडवर किंवा वाशीच्या मॉलमध्ये फेऱ्या मारू नका. आयएसबीएन सांगून मागवून घ्या. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं, आणि त्याचं मोल मराठी ग्रंथांसाठी. स्प्रिंगरच्या पुस्तकाची अपेक्षा घेऊन तिथे गेलात तर चूक तुमची.

जुन्या पुस्तकांसाठी किंग्ज सर्कलचा फुटपाथ आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनचा परिसर. ठाण्याहून मध्य रेल्वेने माटुंग्याला उतरा. वाशी-नेरुळहून यायचं तर हार्बरने वडाळा रोडला गाडी बदलून किंग्ज सर्कल स्टेशनवर. तिथे नव्या भाषा शोधू नका. लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता आणि संख्याशास्त्राची पाठ्यपुस्तकं शोधा, ती वीस वर्षं जुनी असली तरी चालतात. शिक्का नसलेली, झेरॉक्ससारखी छपाई असलेली 'नवी' प्रत दिसली तर ती नक्कल असते. आतला समास वाकडा असतो, करड्या छटा काळ्या ठिक्कर पडलेल्या असतात आणि नेमकी सूत्रांतली घातांकांची अक्षरं वाचता येत नाहीत. x चा वर्ग आहे की घन, हे ओळखता आलं नाही तर स्वस्त प्रत कशाला हवी?

कॉलेजच्या ग्रंथालयातून मिळेल का?

तीन प्रश्न ग्रंथपालांना विचारा. स्प्रिंगरची ई-पुस्तकं आपल्या वर्गणीत आहेत का? असतील तर कॉलेजच्या नेटवर्कवरून प्रकरणवार पीडीएफ उतरतात. घरून वापरायला रिमोट अ‍ॅक्सेस आहे का? आणि आपलं ग्रंथालय डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचं सभासद आहे का? असेल तर दुसऱ्या ग्रंथालयातलं पुस्तक आंतरग्रंथालयीन देवघेवीतून मागवता येतं. अर्ज ग्रंथालयाने करायचा असतो, विद्यार्थ्याने परस्पर नाही.

केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना २०२५ पासून सुरू आहे, पण ती नियतकालिकांसाठी आणि सरकारी संस्थांसाठी. खासगी कॉलेजातल्या विद्यार्थ्याने तिच्या भरवशावर पाठ्यपुस्तक शोधू नये.

मोफत पीडीएफची प्रिंट काढून घेऊ का?

लेखकाच्या किंवा प्रकाशकाच्या स्वतःच्या पानावरची असेल आणि परवाना स्वतःच्या वापराला मुभा देत असेल तर काढा. पूर्ण पुस्तक नको. 'अल्गोरिदम्स फॉर ऑप्टिमायझेशन' ची पानं पाचशेच्या वर जातात, झेरॉक्सवाल्याकडे दोन्ही बाजूंनी छापलं तरी अडीचशे कागद होतात आणि स्पायरल उघडताना फाटतं. लागणारी चार-पाच प्रकरणं काढा, कोडची पानं स्क्रीनवर ठेवा. समासातल्या आकृत्या कापल्या जाऊ नयेत म्हणून प्रिंटरवर 'फिट टू पेज' करायला सांगा.

लोकलमध्ये मोबाइलवर वाचता येईल?

ठाणे-वाशीच्या अर्ध्या तासात गणिताचं वाचन होतं, कोडचं नाही. पीडीएफमध्ये कोडची ओळ छोट्या पडद्यावर बारीक होते. ईपबमध्ये ती मोडून दुसऱ्या ओळीवर येते, आणि पायथॉन-एलिक्सिरमध्ये मोडलेली ओळ चुकीची वाचली जाते. गर्दीच्या वेळी सूत्रं वाचा, घरी येऊन टंका.

मराठीत असं पुस्तक आहे का?

ते शोधण्यात वेळ घालवू नका, इंग्रजी पुस्तकच हाताशी धरा. पण शाळेतली मराठी उपयोगी पडते. वारंवारता, मध्यक, बहुलक, संभाव्यता, प्रमाण विचलन, निश्चयक हे सगळं तुम्ही मराठी माध्यमात एकदा शिकलेले आहात. वहीच्या पहिल्या पानावर डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडे हे शब्द लिहून ठेवा, म्हणजे निम्मी परिभाषा ओळखीची निघते.

माझा लॅपटॉप ८ जीबीचा आहे.

या पुस्तकांना पुरतो. ज्युलिया पॅकेज पहिल्यांदा घालताना काही मिनिटं प्रीकंपाइल करत बसते, मशीन अडकलं समजून बंद करू नका. पहिल्या आलेखाला लागणाऱ्या वेळाबद्दल जुन्या पुस्तकांत रडगाणं असतं, ते २०२३ च्या १.९ आवृत्तीपासून बरंच कमी झालंय.